बाळंतीण रानात निघाली. दूध कसे टिकवावे?



दिवाळी आटोपली की आपल्या सातारा-सांगलीच्या शिवारात बाईमाणसाला उसंत राहत नाही. कृष्णाकाठी ऊसतोड सुरू होते. तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत विरळणीची घाई असते. कोरेगावकडे आल्याची काढणी निघते, तर माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे शाळूची खुरपणी. अशा दिवसांत घरात सव्वा महिन्याची किंवा तीन महिन्यांची बाळंतीण असली, तरी रानातले काम तिच्यासाठी थांबत नाही. स्वतःचे रान असो की दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी, तिला खुरपे हातात घ्यावेच लागते.

मग पंधरा दिवसांतच घरात कुणीतरी म्हणते, "हिचे दूध आटले." लेकरू रडते, आजी गाईच्या दुधात पाणी घालून बाटली भरते आणि बाळ अंगावर ओढेनासे होते. महिन्याभरात दूध खरोखरच बंद होते. त्यानंतर जुलाब, दवाखाना आणि सलाईन हा फेरा पुष्कळ घरांनी पाहिलेला आहे.

यातली एक गोष्ट आज नीट समजून घेऊ. आई कामावर गेली म्हणून दूध आटत नाही. बाळाला पाजण्याच्या वेळा चुकतात आणि छातीतले दूध तसेच साचून राहते, म्हणून ते आटते. त्या वेळा सांभाळल्या तर खुरपणीला जाणाऱ्या बाईचेही दूध वर्ष-दोन वर्षे टिकते.

धार काढणाऱ्याला हे समजते

ज्याच्या दावणीला गाय-म्हैस आहे, त्याला हे वेगळे शिकवायला नको. धार अर्धवट सोडली, एखादी वेळ चुकवली की जनावर दुधाला कमी येते. कासेत दूध राहिले की पुढचे दूध कमी तयार होते. आईच्या शरीरातही हाच हिशेब चालतो. बाळ जितके ओढेल आणि छाती जितकी रिकामी होईल, तितके नवे दूध तयार होते. छाती गच्च भरून तासन्तास तशीच राहिली, तर एवढ्या दुधाची गरज उरली नाही असे शरीर समजते आणि उत्पादन कमी करते.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. वासरू समोर आले की गाय पान्हावते आणि नवखा माणूस धारेला बसला की पान्हा चोरते. आईच्या दुधामागेही दोन संप्रेरके काम करतात. एक दूध तयार करते आणि दुसरे ते बाहेर सोडते. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात स्रवते. दूध सोडणारे संप्रेरक बाळाच्या स्पर्शाने, आवाजाने, नुसत्या आठवणीनेही जागे होते, पण भीती, दुखणे आणि घाईगडबड यांमुळे अडते. म्हणून "दूधच नाही तुला" असे बाळंतिणीला सारखे ऐकवणे हेही पान्हा अडवायला पुरेसे होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे वाक्य टाळावे.

एक ते सहा महिन्यांचे बाळ चोवीस तासांत साधारण ७०० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. आठ वेळा पाजले, तर एका वेळेला लहान चहाच्या कपाएवढे. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कामावर जाण्याआधीचे पंधरा दिवस

आदल्या रात्री ठरवून सकाळी रानात जाऊ नका. निदान दोन आठवडे आधी तयारी सुरू करा. पहाटे छातीत दूध जास्त असते. एका बाजूला बाळ पाजावे आणि दुसऱ्या बाजूचे थोडे दूध हाताने काढण्याचा सराव करावा. पहिले चार दिवस चमचाभरच निघेल. त्याने घाबरू नये. हाताला वळण पडले की वाटीभर निघू लागते.

याच दिवसांत बाळाला वाटी-चमच्याची सवय लावावी. आपल्याकडे जुन्या घरांत बोंडले असायचे. ते नीट घासून उकळता येत असेल तर तेही चालेल. बाटली मात्र घेऊ नये. तिचे रबरी बूच आतून स्वच्छ होत नाही, शिवाय बाटलीतून दूध फारसे न ओढता येते, म्हणून बाळ अंगावर ओढायला कंटाळते. वाटीने आईपेक्षा आजीने किंवा नणंदेने पाजलेले बरे. आई जवळ असली की तिच्या वासाने बाळ वाटी नाकारते.

हाताने दूध काढण्याची रीत

यंत्र विकत घेण्याची गरज नाही. स्टीलची रुंद तोंडाची वाटी आणि तिचे झाकण उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळू द्यावे. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. सावलीत, आडोशाला, पाठ टेकून बसावे. कोमट फडक्याने छाती शेकावी, बोटांनी वरून खाली हलके चोळावे, कुणी पाठ चोळून दिली तर उत्तमच.

मग स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेवर अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली धरावीत. आधी छातीकडे आत दाबावे, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबून सोडावे. नुसते स्तनाग्र ओढू नये, त्याने दुखते आणि दूधही येत नाही. बोटे गोलाकार सरकवत सगळ्या बाजूंनी काढावे. एका बाजूला चार-पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली, असे वीस ते तीस मिनिटे चालावे. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजावे आणि आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना दाखवून घ्यावे.

काढलेले दूध झाकून घरातल्या सर्वांत गार जागी ठेवावे. बाहेर ठेवलेले दूध चार तासांत संपवावे. उन्हाळ्यात ही मर्यादा काटेकोर पाळावी. घरी फ्रिज असेल तर आतल्या बाजूला चोवीस तास राहते, पण वीज वरचेवर जात असेल तर चार तासांचाच हिशेब धरावा. देताना दूध उकळू नये. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे. वर साय आली तर ते नासले नाही, वाटी हलवली की मिसळते. बाळाचे उष्टे उरलेले दूध पुन्हा ठेवू नये.

"काढलेले दूध बाळाला बाधते," "उघड्यावर काढले की दृष्ट लागते," असे म्हणणारी माणसे आहेत. त्यांना एवढेच सांगा, की मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेले दूध तपासून, निर्जंतुक करून अशक्त बाळांना पाजतात आणि बाळे त्यावर जगतात. मग आपल्याच आईचे, आपल्याच घरात काढलेले दूध बाळाला कसे बाधेल?

कामाच्या दिवसाची आखणी

समजा, सकाळी नऊला रानात जायचे आणि सहाला परतायचे आहे. तर दिवस असा लावावा.

पहाटे उठल्याबरोबर एक बाजू पाजावी आणि दुसऱ्या बाजूचे दूध काढून ठेवावे. निघण्याआधी साडेआठला पुन्हा पोटभर पाजावे. अकराच्या सुमारास आजीने पहाटेचे दूध वाटीने द्यावे. पहाटे पाचचे दूध नऊपर्यंतच बाहेर टिकते, हे विसरू नये. फ्रिज नसेल तर निघण्यापूर्वी थोडे दूध काढून तेच अकरासाठी ठेवावे. दुपारी एकला भाकरीच्या सुट्टीत आईने घरी यावे, नाहीतर कुणीतरी बाळाला बांधावर आणावे. परत जाण्याआधी थोडे दूध काढून ठेवता आले तर साडेतीनला तेच द्यावे. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर हात-तोंड धुऊन आधी बाळ घ्यावे. चूल, धुणे आणि गोठा त्यानंतर. रात्री बाळाला कुशीत घेऊन दोन-तीनदा पाजावे.

दुपारी बाळ भेटणारच नसेल, तर छाती गच्च होण्याआधी, म्हणजे साधारण तीन तासांनी, आडोशाला जाऊन दूध काढावे. जवळ स्वच्छ डबा नसेल आणि ते दूध ठेवता येत नसेल, तर सोडून द्यावे. जीव हळहळतो खरा. पण साचून राहण्यापेक्षा काढून टाकलेले बरे, कारण उद्याचे दूध त्यावर ठरते.

आई दिवसभर बाहेर राहू लागली की पुष्कळ बाळे दिवसा कमी आणि रात्री जास्त पितात. "रात्रभर ओढते म्हणजे पोट भरत नाही," असा अर्थ लगेच काढू नका. दिवसाची भरपाई ते रात्री करते आणि त्यामुळेच आईचे दूध टिकते.

उन्हातून आल्यावर पाजावे का?

अवश्य पाजावे. उन्हात काम केल्याने दूध तापत नाही, नासत नाही. पावसात भिजल्याने बाळाला दुधातून सर्दी होत नाही. पहिली धार पिळून टाकण्याचीही गरज नाही. घाम पुसावा, तांब्याभर पाणी प्यावे, जरा टेकावे आणि बाळ घ्यावे.

फवारणीची गोष्ट मात्र वेगळी आहे. द्राक्षबागेत, भाजीपाल्यात औषध मारण्याचे किंवा कालवण्याचे काम अंगावर पाजणाऱ्या बाईला देऊच नये. ताज्या फवारलेल्या बागेत तिने विरळणीलाही जाऊ नये. झोळी बांधायची ती फवारणीच्या वाऱ्यापासून लांब, डेरेदार झाडाखाली, खालून मुंग्या आणि विंचू-काटा बघून. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी किंवा दूध कधीही भरू नये. बागेतून आल्यावर हात, मान, छाती साबणाने धुऊन आणि लुगडे-पोलके बदलूनच बाळाला जवळ घ्यावे.

काय खावे, काय सोडावे

आळिवाची खीर, मेथीचे लाडू, डिंक, बाळंतशेपा हे सारे आपल्या घरचे आहे. खावे, त्याने अंगात ताकद येते. पण लाडू खाऊन वेळा चुकवल्या तर दूध वाढणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे. सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेले खाणे ही रीत बाळंतिणीपुरती तरी बंद करावी. रानात जाताना तिची पाण्याची कळशी वेगळी असावी आणि तहान लागेल तेव्हा तिने प्यावे. डाळी, वांगी, आंबट असे सरसकट पथ्य पाळायला लावून तिला अशक्त करू नये.

दोन गोष्टी दूध कमी करतात आणि त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पहिली मिश्री. भाजलेल्या तंबाखूतले विष आईच्या रक्तातून दुधात उतरते, बाळाची झोप बिघडवते आणि दूधही घटवते. मिश्री सोडावी. एकदम जमत नसेल तर वेळा कमी करत जावे आणि पाजण्याच्या आधी तर मुळीच लावू नये.

दुसरी, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या. माला-एन सारख्या संयुक्त गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते, म्हणून पहिले सहा महिने त्या घेऊ नयेत. तांबी, छाया गोळी किंवा सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन यांतले आपल्याला काय योग्य, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. हा प्रश्न लाजून टाळण्याचा नाही. कमी अंतराने पुन्हा दिवस गेले, तर दोन्ही लेकरांची आबाळ होते.

दूध पुरते की नाही?

रडण्यावरून ठरवू नका. बाळ उकाड्याने, ओल्या दुपट्याने, आई हवी म्हणूनही रडते. छाती मऊ लागते यावरूनही ठरवू नका. दीड-दोन महिन्यांनंतर छाती मऊच राहते. खरी परीक्षा दोन गोष्टींनी होते. निव्वळ अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी करते का? आणि अंगणवाडीच्या काट्यावर दर महिन्याला वजन चढते का? पहिल्या काही महिन्यांत महिन्याला निदान अर्धा किलो वाढायला हवे. कार्डावरची रेघ वर जात असेल तर निर्धास्त राहा.

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला पाणी, मध, घुटी, गाईचे दूध यांतले काही देऊ नये, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे द्यावे. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, नाचणीची खीर, आमटीत कुस्करलेली भाकरी सुरू करावी आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

दूध आधीच कमी झाले असेल तरी हात टेकू नका. एखादा आठवडा कामाचा भार उतरवून बाळाला दिवसा-रात्री दर दोन तासांनी अंगावर घेतले, तर पुष्कळ बायांचे दूध परत येते. छातीत गाठ झाली, लाल होऊन दुखू लागले तरी पाजणे थांबवू नका. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले, लघवी कमी झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

कायदा आणि घर

नोकरी करणाऱ्या बाईसाठी कायदा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय शिक्षण ज्या साताऱ्यात सुरू झाले, तो आपलाच जिल्हा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू मांडली. पुढे १९६१ च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या दिल्या. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

मजूर बाईचा विचारही आपल्याच मातीत सुरू झाला. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग म्हणून सुरू झाली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामांवर पिण्याचे पाणी, सावली आणि लेकरांसाठी पाळणाघर असावे असे ठरले. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही सहा वर्षांखालची पाच मुले कामावर असली, तर ती सांभाळायला एक बाई नेमावी अशी तरतूद होती. खडी फोडणाऱ्या बाईच्या लेकराला सावली आणि दूध मिळाले पाहिजे, हे सरकारदरबारी मान्य झाले होते.

पण स्वतःच्या रानात राबणाऱ्या सुनेला कुठला कायदा पाजण्याची सुट्टी देणार? तिथे कायदा घरानेच करायचा. सासूबाईंनी अकराची वाटी सांभाळावी. नवऱ्याने दुपारी बाळाला मोटारसायकलवरून बांधावर न्यावे, नाहीतर बायकोला घरी आणून सोडावे. संध्याकाळचा स्वयंपाक थोरल्या जाऊबाईंनी उरकावा. गोठ्यातल्या धारेची वेळ आपण पाहुणे आले तरी चुकवत नाही. घरातल्या लेकराच्या दुधाची वेळही तशीच पाळावी.

आणि ज्यांच्या रानात मजूर बाया येतात, त्यांनीही एवढे करावे. तान्हे लेकरू असलेल्या बाईला दिवसातून दोनदा अर्धा तास पाजायला मोकळे सोडावे आणि त्याची मजुरी कापू नये. आपल्या फडात बीडकडून, जतकडून ऊसतोडीला आलेली बाई कोपीत तान्हे बाळ ठेवून कोयता चालवत असते. तिला सावलीची जागा आणि पिण्याचे स्वच्छ पाणी दाखवावे, तिच्या लेकराचे वजन आपल्या गावच्या अंगणवाडीत करून द्यावे. यात आपला अर्धा तास जाईल, पण तिच्या लेकराचे दूध टिकेल.

या आठवड्यात ज्या घरात बाळंतीण कामाला निघणार आहे, तिथे आज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी बसून एवढे ठरवा: अकराला वाटी कोण देणार, आणि एक वाजता बाळाला आईकडे कोण नेणार?